निळी रेघ

घरात त्याला भोंगा म्हणत. हे नाव ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने ठेवलेलं, कारण तो जेवताना मीठ मागायचा तरी जिन्यावरची माणसं थबकायची. असा माणूस पुढे ज्या आवाजावर पोट भरू लागला, तो आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता.

काम असं होतं. काचेत कोरलेला एक बारीक चर, चरात द्रव, द्रवात डोळ्याच्या पेशी विखुरलेल्या. खाली एक चकती थरथरायची. तिचा आवाज चराच्या दोन भिंतींमध्ये असा अडकायचा की मधोमध एक शांत जागा उरायची, आणि पेशी आपसूक तिथे येऊन रांगेत जमायच्या. सुई नाही, चिमटा नाही. पुढे त्या एकमेकींना चिकटून त्यांची पट्टी तयार व्हायची. पट्ट्या जायच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे. तिथे बाई त्या बशीत वाढवून बघत होत्या. नीट वाढल्या तर कधीतरी एखाद्या अंधूक डोळ्यावर बसवायच्या होत्या. त्या दिवशी बाई स्वतः प्रयोग बघायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर भोंग्याची नोकरी पुढे चालू, नाहीतर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा.

भोंग्याला काळजी नव्हती. सुरुवातीला रांग वाकडीतिकडी यायची, म्हणून त्याने आवाज थोडा चढवला. रांग सुधारली. आणखी चढवला, आणखी सुधारली. शेवटी ती इतकी सरळ आली की विभागाच्या साहेबांनी तिचा फोटो दारावर लावला. आपण हात लावू तिथे सोनं होतं असं भोंग्याला वाटू लागलं होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगायचा.

त्या सकाळी त्याला अवदसा आठवली. फोटो जरा उठावदार यावा म्हणून त्याने रांगेवर निळा रंग सोडला. रांग टोकापासून टोकापर्यंत निळीशार झाली. "वाहवा!" तो एकटाच ओरडला. दुसरा फोटो काढताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. हा रंग जिवंत पेशी आत घेत नाहीत. फक्त मेलेल्या घेतात.

चढत्या आवाजाने चकती तापत होती, चकतीमुळे द्रव तापत होता, आणि हे महाशय पेशी शिजवून त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत होते. रंगाची तपासणी त्याने अगदी सुरुवातीला केली होती. आवाज चढवल्यावर पुन्हा करावी असं काही सुचलं नाही. रांग दिसत होती ना, मग झालं!

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, माझं वाटोळं झालं. सगळ्या मेल्या गं!"

"कोण मेलं?"

"पेशी!"

"हळू बोल, मेल्या. छातीत धडकी भरली माझ्या. त्या बाईंना कळेल का?"

"नाही कळणार. त्या रांग बघायला येतायत. रांग एक नंबर आहे."

"मग मला कशाला फोन केलास?" ताई म्हणाली. "काय करायचं ते तुला माहितेय. उगाच माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

बाई आल्या, बरोबर साहेब. भोंग्याने ताज्या पेशी चरात सोडल्या आणि आवाज पार खाली आणला. हा प्रामाणिकपणा होता की पकडले जाण्याची भीती, हे त्याला आजही सांगता येत नाही. निम्मं निम्मं असावं. पेशी रमतगमत निघाल्या. काही पोचल्या, काही वाटेतच रेंगाळल्या. साहेब खाकरले.

"फोटोत तर रांग छान दिसत होती," बाई म्हणाल्या.

"फोटोतल्या मेलेल्या आहेत," भोंगा म्हणाला. "आवाज चढवून चढवून मीच मारल्या. तुमच्याकडे पाठवल्या त्यासुद्धा."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पाहायची हिंमत कुणाला होती? बाईंनी निळा रंग मागितला, थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

"ह्या जिवंत आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पट्ट्या माझ्याकडे ज्या सांभाळतात, त्या बाईंना मी इतके दिवस रोज बोलतेय. नीट लक्ष देत नाहीत म्हणून. काल त्या काम सोडून गेल्या." त्यांनी फोन लावून त्याच्या हातात दिला. "सांगा त्यांना. त्या परत आल्या तर हे काम पुढे चालेल. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, मलाही नाही."

भोंग्याने सांगितलं. सगळं, न सावरता. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

पलीकडून एक दमलेला आवाज आला. "म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच गेलेल्या होत्या?"

"हो."

"मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायचे हो. त्यांचं पाणी बदलायला. वाटायचं, माझ्याच हाताला काहीतरी आहे."

"तुमच्या हाताला काही नव्हतं हो. चूक माझी होती."

त्या रडत होत्या. तो फोन धरून उभा राहिला. मग त्यांनी नाक ओढलं.

"आत्ताच्या जिवंत आहेत?"

"आहेत. पण रांग वाकडी आहे."

"वाकडी असू दे. आवाज बंद करा, उबेत ठेवा आणि हात लावू नका. मी निघालेच."