अकरावा दगड

शिरदिलने जनाज्याच्या दांडीवर हात ठेवून ती खाली दाबली.

"थांबा जरा."

खांदा देणाऱ्या चौघांनी खाट पुन्हा जमिनीवर टेकवली. खाटेवर बीबी मस्तूरा होती, पांढऱ्या कापडात, लहान मुलीएवढी. वर टेकडीवर तिच्या नवऱ्याशेजारी कबर तयार होती. खणणारे दोघे सकाळीच एकामागोमाग एक वर गेले होते. कबरीवर घालायच्या फरशा मात्र अजून खालीच होत्या.

टेकडीच्या उतारात लढाईत पुरलेले सुरुंग होते. त्यातून चढणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी पांढरे रंगवलेले दगड. मधली जमीन साफ, रुंदी एक मीटर. सुरुंग काढणाऱ्या परदेशी लोकांच्या तुकडीत नोकरीला असताना शिरदिलनेच ती मोजली होती.

चार खांदे एका मीटरात मावणार नाहीत, असे तो म्हणाला. त्यात खांदा द्यायचे पुण्य कोणी सोडत नाही. दर पाच-सात पावलांवर बाजूने नवे लोक घुसणार, आणि त्यांचे पाय दगडांबाहेर पडणार.

"लाला, आता मय्यत उचलायलाही तू शिकवणार?" बीबीचा मुलगा जुमागुल शिरदिलला म्हणाला. "तुझा परदेशी साहेब गेला, पण मोजपट्टी तुझ्याकडेच ठेवून गेला वाटतं."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. जुमागुलने दोघांनीच खाट न्यायचे ठरवले. तो दांडीकडे वाकला.

"अकराव्या दगडापर्यंतच साफ आहे," शिरदिल म्हणाला. "पुढचे मी नुसते रंगवले."

राहिलेले त्याने मान खाली घालून सांगितले. शेवटच्या दिवशी साहेबाला काम पुरे झाल्याचा फोटो हवा होता. दुपारी गाड्या निघायच्या होत्या. सुरुंग शोधायची यंत्रे पेट्यांत बंद झाली होती, रंगाचा डबा तेवढा उघडा होता. महिन्याभरात कोणी परत येईल आणि उरलेले तपासता येईल, असे त्याला वाटले होते. कोणी आले नाही.

जुमागुल सावकाश सरळ झाला.

"आई दर गुरुवारी वर जायची. दोन वर्षं. पांढऱ्या दगडांमधूनच जा, असं मीच सांगायचो तिला."

इथेच खाली दफन करू, असे मुल्लाने सुचवले. जुमागुलने ऐकले नाही. नवऱ्याशेजारची जागा, एवढे एकच तिने मागितले होते. तो तिला पाठीवर घेणार होता, एकटाच, तिच्याच पायवाटेने. गवतात ती वाट टीचभर रुंद दिसत होती.

शिरदिल त्या वाटेकडे बघत राहिला. माती बसत जाते, सुरुंग खोल जातो. हलक्या पावलांखाली जो गप्प राहिला, तो दोन माणसांच्या वजनाखाली गप्प राहीलच असे नाही.

"बीबींचं वजन किती असेल?"

"पिठाच्या पोत्याएवढंही नाही. का?"

शिरदिल फरशांपाशी गेला आणि पाठ वाकवून उभा राहिला. जुमागुलने एक फरशी उचलून त्याच्या पाठीवर ठेवली.

"अजून एक. बीबींपेक्षा जड व्हायला हवं."

दुसरी चढली तसे त्याचे गुडघे किंचित वाकले. फरशांना बांधलेली दोरी छातीवर आवळून घेत त्याने बजावले, की तो वर पोचेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. मग तो चढू लागला.

जुमागुल आईशेजारी उभा राहून ओठांतल्या ओठांत दगड मोजत होता. अकरावर तो थांबला.

शिरदिल थांबला नाही.