रेक्टरसाहेबांची मिरवणूक

आमच्या रागुझात प्रजासत्ताकाचा प्रमुख म्हणजे रेक्टर. निवडला जातो फक्त एका महिन्यासाठी. बंदर, जहाजं, वेशींच्या किल्ल्या, सगळं त्याच्या हाती. पण सरकारी कामाशिवाय सरकारवाड्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि निघालाच, तर अंगात तांबडा झगा, मागे कारभारी मंडळाचे सभासद आणि पुढे आम्ही सनईवाले.

ऑर्सातसाहेबांचा जन्म गलबतांवर गेला. लेक फ्रानुशा झाली तेव्हाही ते अलेक्झांड्रियाला होते. आता ती बाळंतपणाला माहेरी आलेली. "नातवंडाच्या वेळी मी घरीच असणार," असं ते गावभर सांगत सुटले होते आणि नेमके रेक्टर निवडून आले!

एका सकाळी त्यांच्या बायकोनं, देशाबाईंनी, सरकारवाड्याच्या खिडकीखालून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मुलगी झाली! नाक मात्र तुमचं, बिचारीचं!"

साहेब एवढे बाहेर वाकले की पहारेकऱ्यानं झगा धरून ठेवला.

"आलोच मी!"

"येताय कसले! कायदा मोडणार की काय?"

"मोडतोय कशाला? मंडळ बोलवा रे!"

मंडळ जमलं. साहेब म्हणाले, "माझ्या दारासमोरच्या कारंज्याला पाणी नीट येत नाही, अशी तक्रार आहे. पाहणी करायला हवी."

"तक्रार कोणाची?" सगळ्यात वयस्क लुक्शाकाकांनी विचारलं.

"माझी."

"मग प्रकरण गंभीर आहे," काका म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

काय ती मिरवणूक! साहेब जवळजवळ पळतच होते. आमची संथ सरकारी चाल कुठली टिकायला? मी सरळ लग्नातल्या नाचाची धून धरली. कोळणी टोपल्या टाकून मागे आल्या. साहेबांनी कारंज्यात बोट बुडवलं, "छान!" म्हणाले आणि धडाधड जिना चढले. रेक्टरला एकटं सोडायचं नाही, म्हणून अख्खं मंडळ मागोमाग बाळंतिणीच्या खोलीत!

"अरे, बाहेर व्हा मेल्यांनो!" सुईण किंचाळली. फ्रानुशा हसून हसून लाल झाली. साहेबांनी नातीला उचललं मात्र, तिनं तांबडा झगा भिजवला.

"पाणी नीट येतंय," लुक्शाकाकांनी निकाल दिला.

मग देशाबाईंनी सुके अंजीर आणि गुलाबाची दारू काढली. खाली गल्लीत नाच सुरू झाला. ओल्या झग्यानिशी साहेब बायकोबरोबर नाचले आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी काही खळेना. त्यांना वाड्यावर परत नेताना दोन पहारेकऱ्यांनी दोन्हीकडून धरलं होतं. दारूचा थेंबही घेतला नव्हता साहेबांनी.