आत राहिलेला छर्रा

मित्रांनो, माझ्यापासून गुंडेरावअप्पांना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. आणखी पाचसात वर्षं पटाशी हातात राहिली असती. तंबोरे करणारा माणूस म्हणून बीदरात मान राहिला असता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना कुणाला कळू द्यावं लागलं नसतं. त्यांची मुलगी मंजुश्री हिला काय मिळणार होतं? एवढंच, की हे तिलाही ठाऊक नाही असं अप्पांना वाटत राहावं.

मी जाडीमापक आहे. मंजुश्रीच्या वहीत माझं हेच नाव आहे, अप्पा मात्र मला डबडं म्हणत. त्यांचंही चूक नव्हतं, कारण माझं अंग साबणाच्या डबीचं आहे. नाकाशी लोहचुंबक, पोटात तारा, पाठीवर आकड्यांची काच. माझा जोडीदार म्हणजे सायकलच्या चाकातला एक छर्रा. तो लाकडाच्या आतल्या बाजूला, मी बाहेरच्या. माझ्या चुंबकाच्या ओढीने तो आतून येऊन चिकटला, की मधलं लाकूड किती जाड ते मी सांगतो.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडाचं पातळ झाकण बसवतात, त्याला तबली म्हणतात. ती जाड राहिली तर तंबोरा मुका होतो, फार पातळ झाली तर फाटका बोलतो. अप्पा चाळीस वर्षं तबलीवर बोट वाजवत, कान लावत ती तासत आले. मग कान गेले. एकदम नाही, रोज थोडे थोडे.

कमीपणा झाकायला माणूस केवढी हुशारी खर्च करतो, ते मी जवळून पाहिलंय. बीदरच्या आभाळात हवाई दलाची विमानं उडतात. कुणी काही विचारलं, की अप्पा वर बोट दाखवत. "इमान गेलं, ऐकू आलं न्हाई. परत बोल." विमान नसलं तरी म्हणत. गिऱ्हाइकाने तारा जुळवून मागितल्या, तर सांगत, ज्याचा गळा त्यानंच सूर लावावा. लोकांना वाटे, केवढा नम्र माणूस!

मंजुश्री तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. अप्पांच्या तीन तबल्या लागोपाठ बिघडल्या, तेव्हा कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचाय असं सांगून तिने मला करायला घेतलं. एकेकाळी गाजलेल्या, आता फुटलेल्या एका तंबोऱ्याची तबली तिने मधोमध मोजली. आकडा आला तीन पॉइंट एक मिलिमीटर. अप्पांच्या कानाने काढलेला आकडा. तो तिने माझ्यात भरला.

आधी माझ्यात शिट्टी होती. लाकूड हवं तेवढं उतरलं की मी वाजायचो. पहिल्याच दिवशी मी वाजलो, अप्पा तासत राहिले. मी वाजतच राहिलो. तबलीला चीर गेली.

"लाकूडच कच्चं हाय," अप्पा म्हणाले.

"व्हय अप्पा," मंजुश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शिट्टी काढून तांबडा दिवा बसवला. अप्पांनी विचारलं, "शिट्टी कामून काढलीस?" ती त्यांच्या तोंडासमोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "बॅटरी लवकर उतरायलीय." इतक्या मायेचं खोटं मी पुन्हा ऐकलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या सुखाची. आम्ही अकरा तंबोरे केले. अप्पा मला धोतराच्या सोग्याने पुसत, छातीच्या खिशात ठेवत. लोक म्हणत, गुंडेरावांचा कान म्हातारपणी आणखीनच तिखट झालाय. अप्पा हसत, मी गप्प राही.

मग खटकचिंचोळीच्या भजनी मंडळाने तंबोरा सांगितला. भोपळा भीमेकाठच्या करजगीहून आला. शेवटचं तासणं तबली चिकटवल्यावर करतात, तेव्हा छर्रा गळ्याच्या भोकातून आत सोडावा लागे आणि काम झालं की ओतून काढावा लागे. त्या दिवशी मंडळाचे नागप्पा दारात बसून घाई करत होते. माझा दिवा लागला. अप्पांनी मला खाली ठेवलं, भोकाला सरस लावला आणि दांडी बसवून टाकली. छर्रा आतच. अप्पांनी छर्रे ठेवायच्या डबीत पाहिलं, तिथे छर्रे होतेच. हरवायला नकोत म्हणून मंजुश्रीने चार जास्तीचे ठेवले होते. मला सगळं कळत होतं, पण तिने मला आकडे दिले होते, तोंड दिलं नव्हतं.

ओल्या सरसात छर्रा चिकटून बसला. खटकचिंचोळीला नेताना जीपच्या धक्क्यांनी तो सुटला.

तंबोऱ्याची पूजा रविवारी होती. अप्पांना हार घालून पुढे बसवलं. नागप्पांकडून ऐकून लोकांना डबडं बघायचं होतं, म्हणून मी मंजुश्रीच्या पिशवीत होतो. म्हाताऱ्या सिद्धम्माने तार छेडली. आतून खर्रर्र आवाज आला. मागे दोघंतिघं हसली. सिद्धम्माने तारा हाताने धरल्या, आवाज थांबला. अप्पा डोळे मिटून डोलतच होते.

सिद्धम्माने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. "अप्पा, आत काय वाजायलंय?"

अप्पांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि अभिमानाने म्हणाले, "व्हय अक्का, करजगीचाच भोपळा हाय."

आता कुणी हसलं नाही. मंजुश्री उभी राहिली. "आत्ता इमान गेलं," ती सगळ्यांना म्हणाली. "म्हणून ऐकू आलं न्हाई त्यांना."

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ कोरं होतं. अप्पांनीही वर पाहिलं, मग लेकीच्या ओठांकडे. तो शब्द त्यांचाच होता, ओळखायला कान लागले नाहीत. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

मंजुश्रीने घाईने मला तबलीवर ठेवलं. छर्रा आतून धावत येऊन चिकटला. तांबडा दिवा लागला. तीन पॉइंट एक. तबली बिनचूक होती, मित्रांनो. तो आकडा कुणी वाचला नाही.

अप्पांनी पुन्हा पटाशी धरली नाही. नागप्पा दोनदा समजूत घालून गेले. अप्पा रागावले नाहीत, फक्त आता विमान गेलं तरी वर बघत नाहीत. मी फळीवर पडून आहे. सेल संपलाय, नाकाला तोच छर्रा चिकटलाय.

मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्याचा सेल काढून ठेवा, नाहीतर तो गळतो आणि आतून खातो. आणि घरात कुणी न ऐकताच व्हय व्हय म्हणत असेल, तर त्याच्यासमोर बसून सांगा की तुम्हाला ठाऊक आहे. चारचौघांत कळण्याआधी सांगा.

आता शेवटची बेरीज. मंजुश्रीने दांडी सोडवून छर्रा काढला आणि खटकचिंचोळीला गोड तंबोरा मिळाला. मंजुश्रीला माझ्यामुळे शाबासकी मिळाली, हैदराबादेत नोकरी मिळाली. मला माझा जोडीदार परत मिळाला. याची किंमत म्हणून अप्पांनी आपली पटाशी दिली. मंजुश्री सुट्टीत बसने येते, त्यांच्यासमोर बसते, सावकाश बोलते. अप्पा आता तिच्या ओठांकडे बघत नाहीत. तिने दिलेली किंमत ती.