बरं झाल्याची साक्ष

सुवार्ता दौऱ्याहून परतलेल्या पोरांनी पहिल्याच रविवारी मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्यायची, अशी त्या चर्चची जुनी रीत होती. कुठं गेलो, काय पाहिलं, प्रभूनं काय केलं, ते सांगायचं. म्हाताऱ्या बाया पुढच्या सतरंजीवर बसून कान देऊन ऐकत आणि घरी जाताना एकमेकींना विचारत, "यंदा फळ आलं का वं?" फळ म्हणजे कुणी दुखण्यातून उठलेलं, कुणी दारू सोडलेली. मागच्या वर्षीच्या दौऱ्याला फळ आलं नव्हतं. पोरांनी गावोगाव गाणी म्हटली, लेकरांना फण्या वाटल्या, आणि साक्षीच्या वेळी 'फार आशीर्वाद मिळाला' एवढंच पुटपुटून ती खाली बसली. त्यांच्यात श्रेयसही होता. ते खाली बसणं तो विसरला नव्हता.

यंदा पुढारी तोच. पाळकसाहेबांचा भाचा, गिटार वाजवणारा, चर्चमध्ये पुस्तकी मराठी आणि बाहेर अस्सल वऱ्हाडी बोलणारा. नाताळ उरकला आणि क्रूझर गाडीत दाटीवाटीनं बसून तरुण संघाची पोरं जळगाव जामोदच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात गेली. त्यांच्यात अमडापूरची निवेदिता होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, दौऱ्यावर पहिल्यांदाच आलेली. गाणं तिला येत नव्हतं, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. आपण इथं काय कामाचे, असं तिला पहिल्या दिवशीच वाटून गेलं. बॅगेत औषधांचा एक डबा तेवढा तिनं आणला होता.

त्या डब्यापायीच जनकाबाई तिला भेटली. जनकाबाई विधवा, एकटी. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि त्यावरच तिचं पोट चालायचं. तुरी झोडपताना तिच्या उजव्या डोळ्यात कुटार, तुरीचं बारीक भुसकट, गेलं होतं. डोळा लालभडक, पाणी गळतंय, पदराचं टोक सारखं डोळ्याला. निवेदितानं मोबाईलच्या उजेडात पाहिलं. बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. तिनं थेंब टाकले, बाटली तिच्या हातात दिली, खोक्यावर आपला फोन नंबर लिहिला आणि बजावलं, "हे थेंब टाकत राहा. पण मावशी, जळगावला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवाच. हा ठिपका बरा नाही."

मग सगळ्यांनी गोल करून प्रार्थना केली. श्रेयसनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. जनकाबाईच्या डोक्यावर बऱ्याच वर्षांत कुणी हात ठेवला नसावा. ती हुंदके देऊन रडली.

निघायच्या दिवशी ती शाळेच्या चुलीपुढून उठून, धुरानं भरलेल्या लुगड्यातच गाडीपाशी आली. लाली उतरली होती. श्रेयसचा चेहरा फुलला. त्याचा फोन चार्ज नव्हता, म्हणून निवेदिताच्या फोनवर साक्षीचा व्हिडिओ घ्यायचं ठरलं.

"सांगा मावशी, काय झालं ते."

जनकाबाई फोनकडं पाहून लाजली. "काय सांगू? ह्या पोरीनं डोयात दवा टाकला. दोन दिसात ठनक बसली. डाक्टरले दाखव म्हने जळगावले. मी म्हटलं जाईन..."

"थांबा, थांबा." श्रेयस हसला. "मावशी, दव्याचं राहू द्या. आपण प्रार्थना केली नं? थे सांगा. पुन्हा एकडाव."

"पन दवा त टाकला नं बापा."

"हाव, टाकला. पन पाठवला कोनं?" मग तो निवेदिताकडं वळला. "थेंब तू दिलेस. पण तुला इथवर आणलं कुणी? प्रभूनंच ना? मग खोटं काय आहे त्यात?"

निवेदितानं फोन खाली घेतला. खोटं नव्हतंच म्हणा तसं. शिवाय सगळ्या दौऱ्यात पहिल्यांदाच तिच्यामुळं काही झालं होतं, आणि सगळे तिच्याकडं कौतुकानं बघत होते. तिनं फोन पुन्हा वर धरला. जनकाबाई अडखळली की फोनमागून ती स्वतःच ओठ हलवून शब्द पुरवायची. येशूनं. माझा डोळा. बरा केला. जनकाबाई तिच्या ओठांकडं पाहत पाहत म्हणाली, "येशूनं माहा डोया बरा केला. मी बरी झाली." शेवटी तिनं आपल्या मनानंच हात जोडले.

रविवारी चर्चमध्ये तो व्हिडिओ पडद्यावर दाखवला. निवेदिता पुढं उभी राहिली आणि काय नवल, जीभ टाळूला चिकटली नाही. पुढच्या सतरंजीवरच्या बायांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ चर्चच्या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्या ग्रुपवर गेला. तो कुठवर जाईल याचा विचार कुणी केला नाही. चांगली गोष्ट जाईल तितकी बरी, असंच सगळ्यांना वाटलं.

होळी झाली आणि एक फोन आला.

"मी गोविंदा बोलून राह्यलो. शाळा समितीचा अध्यक्ष. तुमचा नंबर जनकाबाईच्या दव्याच्या खोक्यावर हाये. एक सांगा ताई, तुमी तिले बाटवली काय?"

"नाही हो. तसं काही..."

"मंग थो व्हिडिओ काय हाये? साऱ्या गावाच्या फोनवर फिरून राह्यला. पोट्टे तिच्या हातची खिचडी खात नाहीत, घरून डबे आनतात. मायबाप म्हनतात बाई बदला. बाई चांगली हाये हो, मले काई तिचं वाईट नाही करायचं. पन ती 'नाही' बी म्हनत नाही. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आंधी समिती बसते. खरं काय थे तुमी येऊन सांगा. नाही आल्या त दुसरी बाई लावा लागन."

तिनं श्रेयसला गाठलं. दव्याचं सांगणारा पहिला व्हिडिओ तिच्या फोनमध्ये तसाच होता, तोच समितीला दाखवते म्हणाली. तिनं पुसला नव्हता. का पुसला नव्हता, तिलाही सांगता आलं नसतं.

"येडी झाली काय?" श्रेयस म्हणाला. "तो दाखवशील, तर उद्या तोही फिरेल. मग पाळकसाहेबांनी मंडळीला तोंड कसं दाखवायचं? आणि साक्ष कोणी दिली? तूच ना? छळ तर विश्वासणाऱ्याला सोसावाच लागतो. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

"तिची चूल बंद होईल, श्रेयस."

"पुसून टाक तो व्हिडिओ." तो गिटारच्या खुंट्या पिळू लागला.

रविवारी उपासना चुकवून ती एसटीनं निघाली. खामगावला गाडी बदलली, जळगाव जामोदला बदलली. त्या गावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. जनकाबाई दारातच चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, आणि थापता थापता कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होती. आत दुसरं कुणी नव्हतं.

"कोन? निवेदिता? आली वं माय! सलाम!" ती उठली. 'सलाम' हा मंडळीतला नमस्कार तिनं दौऱ्यातल्या पोरांकडूनच उचलला होता. चुलीचा उजेड तिच्या तोंडावर पडला आणि निवेदिता दारातच खिळली. उजव्या बुबुळावर आता मोहरी नव्हती. ज्वारीच्या लाहीसारखं पांढरं फूल पडलं होतं.

"मावशी, डॉक्टरकडं नाही गेला?"

"नाही."

"काऊन? मी सांगितलं होतं नं तुम्हाला!"

जनकाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग, लेकराला समजवावं तशी म्हणाली, "साऱ्या जगापुढं मी सांगितलं नं, बरी झाली म्हनून. तुह्या थेंबाची बाटली बी म्या तवाच ठेवून देली. मंग डाक्टरच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ? त्याले काय वाटन? म्हनन, इच्यासाठी इतकं केलं आन हे बाई मलेच खोटं पाडून राह्यली."

"कोणाला काय वाटेल?"

जनकाबाईनं भिंतीकडं हात केला. दौऱ्यातल्या पत्रकावरचं येशूचं चित्र तिनं भाताच्या शितानं तिथं चिकटवलं होतं. "रोज बोलतो आमी, सैपाक करता करता. आदमी मेला तवापासून या घरात कोनाशी बोलनंच नव्हतं माय. तुमी गेले, आन हा राह्यला." ती हसली. "डोयाचं त्याले ठाऊक हाये. करन तो, त्याच्या सवडीनं."

निवेदितापुढं ताट आलं. फोन तिच्या मांडीवर होता. आत्ताच दाखवावा, असं तिला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा जनकाबाईनं भिंतीकडं पाहून काहीतरी सांगितलं, पाहुणी आल्याचं असेल, आणि तिचा हात थांबला.

सकाळी शाळेच्या ओट्यावर समिती बसली. गुरुजी, गोविंदा, काही बाप्ये, दाराशी बाया. गोविंदा खरंच भला माणूस असावा. त्यानं जनकाबाईला आधी पाणी दिलं.

"जनकाबाई, एकडाव सांग. तुहा देव तोच, जो आमचा. संपली गोठ. आजपासून चूल पेटव."

"तुमच्या देवाले मी काई वाईट म्हटलं काय? पन ह्यानं मले बरं केलं. थे मी नाही म्हननार नाही."

"बरं केलं त डोया पांढरा काऊन झाला?" वच्छलाबाई दारातून ओरडली. तिचा नातू दुसरीत होता. "डोया गेला आन देव आला! चांगला सौदा केला व माय!"

बाया हसल्या. जनकाबाईनं डोळ्यावर पदर ओढला, पण मान खाली घातली नाही.

"मंग लिहून घ्या गुरुजी," एक बाप्या म्हणाला. "दुसरी बाई पाहा."

गुरुजींनी पेन काढलं. जनकाबाईची नजर ओट्याकडेच्या मोठ्या पातेल्यावर गेली आणि तिथून हलेना. ते पातेलं तिनं रोज घासून आरशासारखं ठेवलं होतं. निवेदिताला कळत होतं की आता ती गप्प राहिली तर या बाईच्या हातचं ते पातेलं जाईल, डोळा तर जातोच आहे. आणि बोलली तर भिंतीवरचं ते चित्र जाईल. दोन्ही तिच्याच हातानं. तिसरी वाट तिनं रात्रभर शोधली होती. ती नव्हती.

"थांबा," ती उभी राहिली. "ह्याच्या आधीचा एक व्हिडिओ आहे."

फोन तिनं गोविंदाच्या हातात दिला. शाळेच्या ओट्यावर जनकाबाईचाच आवाज आला. *ह्या पोरीनं डोयात दवा टाकला. दोन दिसात ठनक बसली. डाक्टरले दाखव म्हने.* मग श्रेयसचं हसणं. *दव्याचं राहू द्या. पुन्हा एकडाव.*

"दवा होता, काका," निवेदिता म्हणाली. "थेंब होते, दुकानात मिळतात ते. ती खरंच बोलली होती. आम्ही तिला बदलायला लावलं. शब्द मी पुरवले. मंडळीपुढं खोटी साक्षही मीच दिली."

गोविंदानं मोठा श्वास सोडला. "म्हंजे दवाच होता! मंग कायले कोनी बाटलं? शयरातल्या पोट्ट्यांनी बाईले नाचवली, एवढंच!" तो हसला आणि त्याच्यामागं सारा ओटा हसला, वच्छलाबाईसुद्धा. राग निघून गेला होता. गुरुजींनी पेन खिशात ठेवलं. "उद्यापासून ये व जनकाबाई," कुणीतरी म्हणालं. "आन डोया दाखवून ये आज."

जनकाबाई हसली नाही. तिनं फोन मागून घेतला. डाव्या डोळ्याजवळ धरून तो व्हिडिओ तिनं स्वतः एकदा पाहिला, आणि परत दिला.

दुपारी दोघी जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टरांनी पापणी वर उचलली, दिवा लावला, बंद केला. "तेव्हाच यायचं होतं. फूल पक्कं झालंय, आता थेंबांनी जाणार नाही. अकोल्याला दाखवा, बुबुळ बदलता येतं का बघतील. मी भरवसा देत नाही." मग निवेदिताकडं वळून, "तुम्ही कोण यांच्या?"

जनकाबाई म्हणाली, "गावची पोरगी हाये."

बसस्टँडवर दोघी सिमेंटच्या बाकावर बसल्या. निवेदितानं उसाचा रस आणला. जनकाबाईनं पेला हातात धरून ठेवला, प्याली नाही. अकोल्याला मी येईन सोबत, निवेदिता सांगत राहिली, कॉलेजात एक सर आहेत, त्यांना विचारीन. जनकाबाई गाड्या लागतात तिकडं पाहत होती. तिची गाडी लागली तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर निवेदिताला बरं वाटलं असतं.

"निवेदिता, एक सांग."

"बोला मावशी."

"मंग इतले दिस मी कोनासंग बोलून राह्यली होती?"

निवेदिताला लहानपणापासून या प्रश्नाची उत्तरं शिकवली होती. रविवारच्या शाळेत तिला त्यासाठी बक्षीसही मिळालं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की जनकाबाई पुन्हा तिच्या ओठांकडं पाहत होती, तिनं शब्द पुरवावेत म्हणून. निवेदितानं तोंड मिटलं.

कंडक्टरनं घंटी मारली. जनकाबाई पेला तिच्या हातात देऊन गाडीत चढली आणि खिडकीशी बसली. गाडी वळेपर्यंत ती दिसत होती. चांगल्या डोळ्यानं ती समोरच्या बाकाच्या पाठीकडं पाहत होती, आणि तिचे ओठ हलत नव्हते.