चटका बसला की सांगा

भाऊजी पालथे पडले होते खरे, पण स्वस्थ पडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. अवघडलेल्या मानेत, खांद्यात उपचार करणाऱ्या वहिनींनी टोचलेल्या केसासारख्या बारीक सुया, आणि पायांची बोटं मात्र पलंगाच्या कडेवर सारखी ताल धरून.

"झालं का, वहिनी?"

"आत्ता तर टोचल्यात! बस चालू ठेवून आलात का बाहेर?"

बस बाहेर नव्हती, डोक्यात होती. शाळेच्या मुलांची बस. उद्या सकाळी डेपोत चालकांची तपासणी होती. मान खांद्यापर्यंत वळली नाही, तर चावी साहेबांच्या टेबलावर ठेवायची. बस हातातून गेली तर दिवसभर करायचं काय, हेच त्यांना कळत नव्हतं.

वहिनींनी शेक द्यायला वाळक्या पाल्याची जाड कांडी पेटवली आणि तिचं लाल टोक मानेपासून दोन बोटं दूर धरलं. धुराचा उग्र वास खोलीभर पसरला.

"आता ऊब लागेल. चटका बसला की लगेच सांगायचं. मग कातडी ओढून धरायला काचेचे पेले लावू."

ऊब आली. मग ऊन ऊन. मग चांगलंच भाजायला लागलं. भाऊजींनी उशी दातात धरली. जितकं भाजेल तितकं आत मुरेल, उद्यापर्यंत मान मोकळी होईल! पायांची बोटंसुद्धा थांबली.

खोली एकदम गप्प झाली, तसा वहिनींना संशय आला. त्यांनी कांडीखाली आपलं बोट घातलं आणि झटकन मागे ओढलं.

"अहो, भाजलंय की हे!" त्यांनी कांडी विझवली, भराभर सुया काढल्या. "तोंडाला कुलूप लावलंत? तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळायचं? आता पेले नाहीत. या कातडीवर तर मुळीच नाहीत."

"आणि उद्या?"

"वळवून दाखवा."

भाऊजी उठून बसले. मान वळली, अर्ध्यात अडली. मग नकळत अख्खा खांदाच फिरला.

वहिनींचा हात थांबला. "बस पण अशीच चालवताय?"

भाऊजींचा पाय पुन्हा हलायला लागला.

"किती दिवस?"

"मान धरल्यापासून," भाऊजी पुटपुटले. "साहेबांना कळत नाही. खांदा बेतानं फिरवला की झालं."

"साहेबांना नाही कळणार. पण मागून एखादं पोर धावत आलं, तर तुम्हाला तरी दिसेल का?"

भाऊजी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"साहेब, मान वळत नाही. बरेच दिवस झाले, मी बोललो नाही. उद्या दुसऱ्याला पाठवा बसवर." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. भाऊजी नुसतं "हो" म्हणत राहिले.

फोन ठेवून ते पुन्हा पालथे पडले. वहिनींनी गार पाण्यात पिळलेलं फडकं मानेवर ठेवलं.

"झोंबतंय?"

"झोंबतंय की!"

"असंच सांगत राहा," वहिनी म्हणाल्या. "मान लवकर वळेल."