घाणेपेठेची खानेसुमारी

माणसं मोजू नयेत, हे घाणेपेठेत कुणाला शिकवावं लागत नसे. ढोरं मोजावीत, ज्वारीच्या पायल्या मोजाव्यात; त्यातही पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग जितंजागतं माणूस बोट दाखवून मोजायचं म्हणजे काळालाच घराचा पत्ता सांगायचा. मागच्या खानेसुमारीला बायकांनी पोरं कणगीमागं दडवली होती, आणि मोजणारा कारकूनही काही कमी नव्हता. तो ओढ्याच्या पलीकडेच वडाखाली बसला, पान खाल्लं, मनाला येईल तो आकडा टाकला आणि घरी गेला.

एकेचाळीस साली मात्र हीच पेठ मोजून घ्यायला उतावीळ झाली. त्याला कारण ओढा.

कसबा, म्हणजे मुख्य गाव, नळदुर्गाहून उमरग्याकडे जाणाऱ्या सडकेवर होता. बाजार, चावडी, मदरसा, दवाखाना, सगळं तिकडं. ओढ्याच्या अलीकडे चढावर घाणेपेठ: तीन गल्ल्या, अडतीस घरं, नऊ तेलघाणे, एक वीरभद्राचं देऊळ आणि देवळामागं लिंगायतांची रुद्रभूमी, म्हणजे पुरायची जागा. मरायला ओढा ओलांडावा लागत नाही, जगायला लागतो, असं पेठेतले म्हातारे म्हणत आणि हसत. उन्हाळ्यात ओढ्यात पोरं गोट्या खेळत. पावसाळ्यात त्याला पाणी चढलं की दोन-दोन, तीन-तीन दिवस पेठेचा कसब्याशी संबंध तुटे. कसब्याच्या कागदावर पेठ नव्हतीच. 'कसबा व इतर' यातले 'इतर' म्हणजे हे लोक.

त्या साली गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, स्वतः देवळापुढं आला. ज्या वस्तीत दोनशे माणूस भरेल, तिचं नाव वेगळं लागेल, आणि तिच्या ओढ्यावर जिल्ह्याच्या पैशातून पूल होईल, असं त्यानं सांगितलं. दोनशे म्हणजे दोनशे. मोजायचं काम शांतलिंगकडे आलं.

शांतलिंग जातीनं तेली, पन्नाशीचा, सडपातळ. मदरशात चार इयत्ता उर्दू शिकलेला पेठेतला तो एकटाच. त्याच्या घाण्याच्या तेलात कधी भेसळ नसे आणि तोंडात कधी खोटं नसे. हा त्याचा लौकिक होता, आणि खरं सांगायचं तर या लौकिकावर त्याचं जरा जास्तच प्रेम होतं. लोक अप्पा म्हणून वाकले की त्याचा चेहरा ओशाळल्यासारखा होई, पण आतून गुदगुल्या होत.

चार दिवस तो गेरूचं मडकं आणि कागद घेऊन दारोदार फिरला. दारावर आकडा घालायचा, आत जाऊन नावं लिहायची. लोकांचा उत्साह असा की रेवणसिद्धनं सोलापूरच्या गिरणीत राहणारा भाऊही पुढं केला. "त्यो हितलाच हाय की अप्पा, पोटासाठी गेलाय," तो म्हणाला. शांतलिंगनं मान हलवली आणि भाऊ लिहिला नाही. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या दोन सुनाही त्यानं लिहिल्या नाहीत. जो पेठेत निजतो तो पेठेचा, एवढंच त्याचं गणित.

पाचव्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून त्यानं बेरीज केली. एकशे नव्व्याण्णव. पुन्हा केली. तेवढेच.

कोण राहिलं, हे त्याला शोधावं लागलं नाही. सत्तावीस नंबरच्या दारात इरम्मानं दोनच नावं सांगितली होती, तिचं आणि नवऱ्याचं. पण आत आढ्याला झोळी टांगलेली त्यानं पाहिली होती.

इरम्माची तीन मुलं गेली होती. एकही वर्षाचं झालं नाही. म्हणून चौथं पौषात झालं तेव्हा तिनं रिवाजाप्रमाणं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या धुरपदाबाईनं ते उचललं आणि इरम्मानं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. अशानं काळ फसतो. पोर आईचं नाही, कुणाचंच नाही, केरातलं आहे, मग त्याला न्यायचं कशाला? नावही तसंच ठेवायचं. कानडीत उकिरड्याला तिप्पे म्हणतात, म्हणून हा तिप्पण्णा. आणि कुणी विचारलं, पोरं किती? तर आईनं म्हणायचं, न्हाईत.

शांतलिंग पुन्हा तिच्या दारात गेला. इरम्मा भिंतीला टेकून बसली होती. पदराखाली पोर दूध पीत होतं, त्याचा चुटूचुटू आवाज बाहेर येत होता.

"घरात माणसं किती, इरम्मा?" त्यानं विचारलं.

"दोन, अप्पा."

"नीट सांग. कागद सरकारात जायचा."

तिनं पदर आणखी ओढून घेतला. "दोनच हाईत. पोर न्हाय आमच्या घरात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

तो तिथून धुरपदाबाईकडे गेला. पोर तुझ्या नावावर लावू का, म्हणून त्यानं विचारलं. तिनं दोन्ही हात झटकले. म्या विकलं की ते, कोंडा घेतला, माझ्या म्हशीनं खाल्लासुद्धा, आता माझं कसं? असं तिचं म्हणणं. त्यात काही चूक काढता येईना. पोर दोन घरांच्या मधल्या बोळात राहिलं.

घरी नीलम्मानं, त्याच्या बायकोनं, त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती म्हणाली, "पुलासाठी लेकरू मोजून देता व्हय? तिचं हेबी गेलं तर कुठल्या तोंडानं त्या पुलावरनं जाल?" शांतलिंगही याच पेठेचा होता. त्यालाही भीती वाटत होती.

गिरदावरानं कागद पाहिला आणि तो हसला. माणूस वाईट नव्हता. "एक का क्या है, शांतलिंग? लिख डालो कोई नाम," असं म्हणून त्यानं टाक पुढं केला. कुठलंही नाव चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. इरम्माला तर नाहीच नाही.

"घरधनीण न्हाय म्हणती साहेब. म्या कसं लिवू?" शांतलिंग म्हणाला. हे बोलताना त्याची मान ताठ होती. पुढं ती ताठ मान आठवून त्याला स्वतःचा वीट येई.

पेठेला त्यानं 'भरले नाहीत' एवढंच सांगितलं. किती कमी पडले ते पेठेत त्याच्याखेरीज नीलम्मालाच माहीत होतं. लोक चुकचुकले आणि घाण्याला लागले. कसब्याच्या पार दुसऱ्या अंगाला, दुसऱ्याच एका ओढ्यापलीकडे कुंभारवस्ती होती. तिथं दोनशे चार भरले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं दगडी पूल झाला. बाजाराच्या दिवशी शांतलिंग मुद्दाम तिकडून जाई, पुलाच्या कठड्याला हात लावून बघे आणि गपचूप माघारी येई.

तिप्पण्णा मात्र वाढला. वर्षाचा झाला, चालू लागला. इरम्मा अजूनही त्याला चारचौघांत 'कुणाचं पोर हाय की' म्हणे, पण म्हणताना हसू आवरत नसे. ते शांतलिंगच्या घाण्याशी येऊन बैलाकडे बघत उभं राही. पेंडीचा तुकडा दिला की तोंडात घाली, तोंड वाकडं करी, आणि तरी पुन्हा हात पुढं करी. शांतलिंगचा त्याच्यावर जीव जडला. पूल गेला, पोर तर राहिलं, असं तो मनाशी म्हणे, आणि त्याला बरं वाटे.

भादव्यात झड लागली. ओढा दोन दिवस दुथडी भरून वाहत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिप्पण्णाचा घसा धरला. दुपारपर्यंत गळा सुजला, आत पांढरा पापुद्रा दिसायला लागला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. घटसर्प. सगळ्यांना माहीत होतं, कारण पंधरा दिवसांपूर्वीच कुंभारवस्तीतली एक मुलगी याच दुखण्यानं दवाखान्यात नेली होती आणि डॉक्टरनं सुई देऊन ती वाचवली होती. पावसातच नेली होती. बैलगाडीतून, पुलावरून.

इरम्मा पोर छातीशी धरून काठावर आली. रेवणसिद्ध कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दहा हात गेला आणि आडवा झाला. चौघांनी ओढून काढला. मग शांतलिंग उतरला. पन्नाशीच्या माणसानं उतरू नये असं लोक ओरडत होते, तरी उतरला. पाणी छातीला लागलं आणि पाय सुटले. त्यालाही ओढून काढलं. पलीकडच्या काठावर दवाखान्याचा कंपाउंडर छत्री घेऊन आला होता. तो हातवारे करत होता, पोर इकडं आणा म्हणून. मधे चाळीस हात पाणी. ते चाळीस हात शांतलिंगनं डोळ्यांनी मोजले.

दिवस मावळायच्या आत तिप्पण्णा गेला.

रुद्रभूमीला जायला ओढा आडवा येत नव्हता. त्याला विभूती लावून, बसवून, मातीत ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घोट्याइतकं आलं. बायका पलीकडे बाजाराला गेल्यासुद्धा.

शांतलिंगला पाच दिवस अन्न गेलं नाही. एका नावाचा प्रश्न होता. धोंडू, कल्लू, काहीही लिहायचं होतं. सरकारचा माणूस टाक हातात देत होता. आपण इरम्माच्या भीतीला मान दिला, असं तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. आता त्याला स्वच्छ दिसलं की आपण मान दिला तो आपल्याच नावाला. सहाव्या दिवशी त्यानं नीलम्माला सांगितलं की मी जाऊन इरम्माला सगळं सांगणार. नीलम्मानं त्याला अडवलं नाही. ती फक्त त्याच्या मागून निघाली.

इरम्मा दारातच बसली होती. झोळी सोडून घडी करून मांडीवर घेतली होती. अप्पाला बघून ती उठली, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"अप्पा, बरं झालं आलात. म्याच येनार हुते तुमच्याकडं." तिचा आवाज बसला होता. "आदली तिन्ही वरसाची झाली न्हाईत. ह्यो दीड वरस राहिला. चालला, बोलला, मला अव्वा म्हनला. तुमी कागदावर घातलं न्हाय त्याला, म्हनून मिळालं एवढं. तुमी लिवलं असतं, तर तवाच गेला असता. तुमचे उपकार म्या इसरनार न्हाय."

शांतलिंगनं मागं नीलम्माकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली. जे सांगायला आला होता ते सांगितलं असतं, तर या बाईकडे उरलेलं तेवढं दीड वर्षही त्यानं काढून घेतलं असतं. आणि न सांगावं, तर हे उपकार जन्मभर अंगावर वागवायचे.

इरम्मा खाली वाकली. त्यानं पाय मागं घेतले. ती आणखी पुढं सरकली आणि दोन्ही हातांनी त्याचे पाय धरून त्यावर तिनं डोकं टेकलं. शांतलिंग उभा राहिला आणि त्यानं तो नमस्कार घेतला.