गोड पाण्याचे वळवळे

दर्यापूरकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून घरावरच्या पत्र्याचं पावसाचं पाणी मी दोन रांजणांत भरून ठेवते. सगळ्या वस्तीत असं पाणी एकट्या भागीरथाबाईकडे, म्हणजे माझ्याकडे. दुसरीपर्यंत शिकले, पण पाण्यातलं मला कोणी शिकवायचं नाही.

रांजणात बारीक वळवळे असायचे. असणारच. आमच्या खाऱ्या विहिरीत ते दिसत नाहीत, तेव्हा वळवळे म्हणजे पाणी गोड, हा माझा हिशेब. पाणी लुगड्याच्या पदरातून गाळायचं आणि पदरातले वळवळे परत रांजणात सोडायचे. बौद्ध धर्म घेऊन नऊ वर्षं झाली होती. सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी जीव मारायचा, हे मला जमत नाही.

त्या वर्षी कापूस फुटला आणि माझी सून शालू तापानं खाटेवर पडली.

"आत्याबाई, हाडं मोडून राह्यले. डोयाच्या मांगं दुखते."

"डोयाच्या मांगं? तिथं का असते व दुखाले? वेचणी आली का तुह्यं दुखणं हजर!"

तिसऱ्या दिवशी तिच्या छातीवर, हातांवर लाल पुरळ उठलं. तेव्हा माझी जीभ आवरली. सोंगाला पुरळ येत नाही.

माझ्या बहिणीचा, पंचफुलाचा मुलगा देवमन हिवताप खात्यात फवारणीला होता. त्याला बोलावलं. म्हटलं, गोळ्या दे आणि जा.

"मावशी, हा हिवताप नोहे," तो म्हणाला. "तिले हुडहुडी भरते का? एक दिवसाआड येते का? नाही नं? हा हाडमोड्या ताप. डेंग्यू म्हंतेत त्याले. अकोल्याले साहेबानं आमाले शिकवलं. याचा मच्छर पट्ट्यापट्ट्याचा असते, दिवसा चावते, आन साठवल्या चांगल्या पाण्यात अंडे घालते."

"चांगल्या पाण्यात? मोठा नवाब लागून गेला!"

देवमननं रांजणातलं पाणी ग्लासात घेऊन उन्हात धरलं. "हे काय?"

"गोड पाण्याची निशाणी."

"हे मच्छराचे पिल्लं होय. आठ दिवसांत उडतेत."

"मी तं पदरातून वापस सोडतो त्याईले. जीव मारू नाही म्हणून."

"म्हंजे पाळून राह्यली व तू!" देवमन पोट धरून हसला. मग त्यानं खाटेकडे बोट केलं. "वळवळ्याईची दया येते तुले, मावशी. तिची?"

मी उठून पदर खोचला.

दोन्ही रांजण मी माझ्या हातानं आडवे केले. गोड पाणी उन्हात वाहून गेलं. वळवळ्यांना म्हटलं, माफ करा, पण सून माझी आहे. मग काथ्यानं रांजण आतून घासले. कडेला अंडी चिकटून राहतात, असं देवमन म्हणाला होता. दर आठवड्याला असंच घासायचं आणि भरल्यावर तोंडाला कापड घट्ट बांधायचं.

जाताना त्यानं बजावलं, "दुकानातली तापाची पुडी देजो नको. पाणी, पेज पाजत राह्य. आन ताप उतरला म्हणून खुश होजो नको. हिरड्यातून रक्त आलं, पोट दुखलं, का सीधा दवाखाना."

पाचव्या दिवशी ताप उतरला. "झाली बरी," म्हणून माझा मुलगा श्रावण वेचणीला गेला. मी शालूचे ओठ उघडून बघितले. हिरड्या रक्तानं लाल होत्या, आणि ती पोट दाबून बसली होती.

तिला धरून स्टँडवर आले, तेव्हा अमरावतीची एस.टी. सुटतच होती. कंडक्टर म्हणाला, "जागा नाही, बाई."

मी गाडीसमोर उभी राहिले. "मंग माह्या आंगावरून ने."

पुढची सीट रिकामी झाली.

अमरावतीच्या दवाखान्यात शालूला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. ताप उतरला की लोक गाफील होतात."

चार दिवस मी तिच्या खाटेजवळून हलले नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर सुई घेऊन आले आणि तिनं डोळे गच्च मिटले. मी म्हटलं, "डाक्टर, हयू टोचा. मी इथंच आहो, माह्याशी गाठ आहे."

"आत्याबाई," शालू डोळे न उघडता म्हणाली, "त्याईले दटावू नका नं. सुई त्याईच्या हाती, आन दंड माह्या हाय."

मी पदर तोंडाला लावला. सून उलट बोलली, म्हणजे ती आता घरी येणार होती.